पाण्याकडे पाठ

पार्वतम्मा नांदेडहून आली ती गाडीच्या डिकीत पाण्याचे कॅन भरून. त्या उन्हाळ्यात लातूरला माहेरी येणाऱ्या लेकी मिठाई आणत नसत. "गोदावरीचं हाय," ती दारातूनच म्हणाली, एरवी बायका 'साजूक तुपातलं आहे' म्हणतात त्या सुरात. रत्नम्मानं कॅन उतरवून घेतले, बुचं घट्ट आहेत का पाहिलं, आणि मग नणंदेच्या पाया पडली.

मिरजेहून पाण्याची रेल्वे यायला लागून थोडेच दिवस झाले होते. पहिल्या दिवशी गावातली माणसं इंजिनाला हार घालून आली. रत्नम्माचे नवरे अमृतराव गेले नाहीत. त्यांची डाळ मिल होती. ज्या स्टेशनातून आपली तूरडाळ बाहेर जाते त्या स्टेशनात बाहेरून पाणी यावं, हे त्यांना व्यापाराच्या दृष्टीनं कमीपणाचं वाटत होतं.

घर मोठं होतं, पण हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. सोफा भिंतीला सरकवून पिंपं, कळशा, लग्नाच्या पंगतीची पातेली, मोडका कुकर, असं जे जे पाणी धरू शकत होतं ते ओळीनं मांडलेलं होतं. सगळं भरलेलं आणि सगळ्यावर झाकण. झाकणांचा आग्रह अव्वांचा होता. एखादं उघडं राहिलं तर त्या हाक मारून सांगत. ओळीच्या टोकाला त्यांची आरामखुर्ची होती आणि तिचं तोंड लोखंडी कपाटाकडे होतं. उजेड डोळ्यांवर येतो म्हणून, असं घरात सगळे धरून चालले होते. खिडकी दुसऱ्या बाजूला होती.

अव्वा म्हणजे शांतम्मा; पार्वतम्मा, अमृतराव आणि मन्मथ या तिघांची आई. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं. डायलिसिसच्या यंत्राला पाणी फार लागतं, आणि ते शुद्ध लागतं. शुद्ध करताना जवळजवळ तेवढंच वाया जातं. दवाखान्याची बोअर फेब्रुवारीत आटली. तेव्हापासून टँकर आला तर यंत्र चालत होतं. तीनदाचं दोनदा झालं. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी अमृतरावांना बाजूला घेतलं आणि मे महिन्याचं मी काही सांगू शकत नाही, हलवता आलं तर आईंना हलवा, असं सांगितलं.

हलवायला जागा होती. मुंबईला, वर्सोव्याला, सगळ्या कुटुंबाचा म्हणून घेतलेला फ्लॅट रिकामाच पडून होता. खिडकीतून समुद्र दिसत होता आणि मागच्या गल्लीत डायलिसिसची सोय असलेलं हॉस्पिटल होतं. अमृतरावांची मुलगी नीलांबिका पुण्याला इंटिरियर डिझाइन शिकून मुंबईत एका ऑफिसात काम करत होती. हे तिचं स्वतःचं पहिलं काम. सोमवारी सुतार कामाला लागणार होते. राहिलं होतं एवढंच, की अव्वांनी अजून हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. "आधी चित्र दाखवा," असं त्या म्हणाल्या होत्या. त्यासाठी आज सगळे जमले होते.

रत्नम्मा स्वयंपाकघरात अव्वांची बाटली पाहत उभी होती. प्यालेलं पाणी अंगातच साठून राहतं म्हणून दिवसभरात अव्वांनी किती पाणी घ्यायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं आणि ते पाळायला लावायचं काम सुनेकडे आलं होतं. सकाळी एका काचेच्या बाटलीत दिवसाचं पाणी भरायचं. चहा त्यातला, गोळीबरोबरचा घोट त्यातला. सकाळी अव्वा गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करत आणि लिंगावरून ओघळलेलं तीर्थ घेत. सुरुवातीला रत्नम्मानं बराच वेळ विचार केला होता, आणि मग तेवढं पाणी बाटलीतून कमी केलं होतं.

"देवाचंबी मोजायलीस का?" अव्वा म्हणाल्या होत्या.

रत्नम्मानं होकारार्थी मान हलवली होती. त्यावर दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. बाटलीतलं पाणी मात्र रोज तेवढं कमी होत राहिलं.

दुपारी मन्मथ आला. त्याच्या गाडीच्या काचेवर 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे' असा स्टिकर होता आणि उन्हानं त्याचे कोपरे सुटले होते. उदगीरला त्याचं खताबियाण्याचं दुकान होतं आणि तो जिल्हा कृती समितीत होता. येताना त्यानं पाणी आणलं नव्हतं. उदगीरलाही नव्हतं.

नकाशा पसरायला टेबल नव्हतं. नीलानं तो मोठ्या पिंपाच्या झाकणावर पसरला आणि कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. सगळे भोवती उभे राहिले. अव्वा खुर्चीतच होत्या, कपाटाकडे तोंड करून. ऐकू येतंय, तुम्ही चालू द्या, असं त्यांनी सांगितलं.

नीलानं पुढचं वाक्य घरी येताना बसमध्ये अनेकदा म्हणून पाहिलं होतं. "हा फ्लॅट पश्चिमेला उघडतो. सगळी रचना मी समुद्राच्या भोवती केलीय."

"टाकी कुठंय?" अमृतरावांनी विचारलं.

बिल्डिंगच्या गच्चीवर टाकी आहे, नळाला चोवीस तास पाणी असतं, असं तिनं सांगितलं.

"चोवीस तास येणारं पाणी कवातरी बंद होतंयच," अमृतराव म्हणाले. "जे येतच न्हाई त्याला बंद पडायची भीती नसती. ही बाल्कनी कशाला ठेवलीस मोकळी? इथं टाकी बसती की."

"अप्पा, ती अव्वांच्या खोलीची बाल्कनी आहे, समुद्रासमोरची."

"मग? टाकी काय समुद्राला दिसत न्हाई का?"

बाल्कनीचा स्लॅब भिंतीतून नुसता बाहेर आलेला असतो, पाण्याचं वजन तो किती पेलेल याला मर्यादा असते, असं नीलानं समजावलं. अमृतरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग लहान टाकी चालेल का, असं विचारलं. पार्वतम्मानं भाचीची बाजू घेतली. मुंबईत बाल्कनीत टाकी ठेवणारे लोक कसे दिसतात, हे तिनं भावाला सांगितलं. तिच्या जावेचा भाऊ ठाण्याला होता, त्यामुळे तिला माहीत होतं. अमृतराव गप्प झाले, म्हणजे पुन्हा विचारायचं ठरवून गप्प झाले.

पुढचं देवघराचं. संगमरवराचं, मागून मंद दिवा, खाली पितळी जाळी. नीलाला ते मनापासून आवडलं होतं.

"ह्याच्यात कोण बसणार?" अव्वांनी न वळता विचारलं.

"देव, अव्वा."

"माझा देव गळ्यात हाय. त्याला फर्निचर कशाला?"

नीलानं देवघरावर बारीक फुली मारली. तिथे पुस्तकांचं कपाट करता येईल, असं ती म्हणाली. तिथे टाकी करता येईल, असं अमृतराव म्हणाले.

मन्मथ आतापर्यंत बोलला नव्हता. वर्सोव्याच्या दारावरच्या पाटीवर अमृतरावांचंच नाव असणार, आणि आईची सेवा कुणी केली हे चार लोक त्या पाटीवरूनच ठरवणार, असा त्याचा अंदाज होता. त्याच्याकडे दुसरा प्रस्ताव होता. तो त्यानं समितीच्या बैठकीत बोलावं तसा उभ्यानंच मांडला. उदगीर जिल्हा होणार, हे वरून ठरलेलं आहे. जिल्हा झाला की जिल्हा रुग्णालय येणार, आणि त्यात डायलिसिस येणारच. अव्वाला एवढ्या लांब परमुलुखात कशाला न्यायचं? उदगीरला आपलं घर आहे, आपली माणसं आहेत. पार्वतम्मालाही यायला सोपं.

"कवा होणाराय जिल्हा?" अमृतरावांनी विचारलं.

"घोषणा कवाबी होऊ शकती, अण्णा."

"अव्वाला यंत्रावर परवा न्यायचंय."

मन्मथ म्हणाला की सगळ्या गोष्टी अशा तारखेवर बोलायच्या नसतात.

खुर्चीतून आवाज आला. "लातूर जिल्हा झाला तवा तुमच्या अप्पानं पेढे वाटले होते. आम्हालाबी वाटलं, आता काय. कचेरीची पाटी बदलली. नळाला तेच पाणी आलं." मग "तवा यायचं तरी," असं त्या म्हणाल्या.

पार्वतम्मा हसली, आणि हसू मन्मथला दिसू नये म्हणून नकाशावर वाकली. तिथे तिला नवीच गोष्ट दिसली. तिनं बोट ठेवत विचारलं, "ही खोली कुणाची?"

पहिली, समुद्रासमोरची, अव्वांची होती. दुसरी अप्पांची. तिसरी मन्मथकाका आले तर त्यांची.

"आन मी आले तर?"

हॉलमधला सोफा उघडला की पलंग होतो, असं नीला म्हणाली. फार छान यंत्रणा आहे त्याची, एका हातानं उघडतो.

पार्वतम्मानं नकाशावरचं बोट उचललं. आपण या घरातली थोरली आहोत, हे तिनं कुणालाच उद्देशून सांगितलं नाही. मन्मथ म्हणतो त्यात तथ्य आहे, उदगीर खरंच जवळ पडतं, एवढंच ती म्हणाली. मन्मथला मात्र आपल्या नावाची खोली आत्ताच कळली होती. त्यानं वाकून पाहिलं. खोलीत भिंतभर कपाट होतं. या कपाटाला सरकतं दार आहे का, असं त्यानं हळूच विचारलं. आहे, असं नीलानं सांगितलं. त्यानंतर जिल्ह्याचा विषय त्यानं काढला नाही. पार्वतम्मा एकटी पडली.

रत्नम्मा चहा घेऊन आली तेव्हा नकाशाभोवती थोडी जागा झाली होती. कप ठेवायचं झाकण नकाशानं अडवलं होतं म्हणून ती ट्रे धरूनच उभी राहिली आणि उभ्याउभ्या तिनं नकाशा पाहिला. तिला नकाशे कळत होते. लग्नाआधी ती निलंग्याच्या शाळेत भूगोल शिकवायची. अव्वांची खोली ऐसपैस होती. पलंग खिडकीसमोर, झोपल्याझोपल्या समुद्र दिसेल असा. उशीशी बेल. पलंगाच्या पायथ्याशी, दारामागे, एक अरुंद आडवा चौकोन होता आणि त्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: अटेंडंट.

"हे कोण?" तिनं विचारलं.

नीला पेन्सिलीला टोक करायला लागली. पेन्सिलीला टोक होतं.

"तिथं घडीची खाट आहे, आई. रात्री कुणीतरी लागेल ना अव्वांजवळ."

"कुणीतरी कोण?"

अमृतराव म्हणाले की त्यांना मिल सोडून कायमचं जाता येणार नाही, हे तर उघडच आहे. मन्मथला दुकान आहे. अक्का नांदेडला.

"म्हणजे... तू," नीला म्हणाली.

"बरं," रत्नम्मा म्हणाली. तिनं सगळ्यांना चहा दिला. आपल्याला जायचंय हे तिला माहीत नव्हतं असं नाही. लिहिलेलं पहिल्यांदा पाहिलं, इतकंच. त्या शब्दाची अक्षरं नकाशातल्या वॉशिंग मशीनच्या अक्षरांएवढीच होती, हेही तिनं पाहिलं. कामाचं प्रमाण तसं बरोबर होतं.

चहा झाल्यावर नीला लॅपटॉप घेऊन अव्वांपुढे बसली. हा भाग तिनं शेवटी ठेवला होता. पडद्यावर खोली उभी राहिली. पांढऱ्या भिंती, फिकट लाकडी पलंग आणि समोर पूर्ण भिंतभर काच. काचेत समुद्र होता, इकडच्या टोकापासून त्या टोकापर्यंत, दुपारच्या उन्हातला. नीलानं तो स्वतः त्या खिडकीतून काढून चित्रात बसवला होता. पिंपांभोवती उभे असलेले सगळे चित्र पाहायला खुर्चीमागे आले.

"बग अव्वा," अमृतराव म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "सगळ्यात मोठी खोली तुझी. दिवसभर डोळ्यासमोर पाणी. लातुरातल्या कुठल्या म्हातारीच्या नशिबी हाय सांग?"

"लई भारी," मन्मथ म्हणाला, आणि ते खरंच मनापासून म्हणाला.

पार्वतम्मानंही डोळ्याला पदर लावला. सोफ्याचा विषय तिनं त्या क्षणापुरता बाजूला ठेवला.

अव्वांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांची जीभ ओठांवरून फिरली. ओठ कोरडेच राहिले. मग त्यांनी हात पुढे केला, लॅपटॉपचं झाकण धरलं आणि कळशीवर झाकण घालावं तसं ते लावलं.

"मला न्हाई पायजे ही खोली."

अमृतरावांना वाटलं, उंचीची भीती. किल्लारीच्या भूकंपानंतर अव्वा कित्येक महिने अंगणातच झोपल्या होत्या. मन्मथला वाटलं, त्यांना उदगीर हवंय, आणि तो जरा घाबरला. पार्वतम्मानं थेट विचारलं, "मग इथंच राहणार का? इथं टँकर आला न्हाई तर काय करायचं?"

"येते की मुंबईला. मला मरायची हौस न्हाई." अव्वांनी नकाशा मागितला. नीलानं तो गुडघ्यावर धरला. अव्वांनी चष्मा लावून सावकाश पाहिला. "ही मागची खोली कशी हाय?"

ती अप्पांसाठी होती, लहान. खिडकीतून गल्ली दिसायची, भाजीच्या गाड्या, हॉस्पिटलचं फाटक, दुसऱ्या बिल्डिंगची भिंत.

"पाणी दिसतंय का तिथनं?"

"नाही."

"ही द्या."

तिन्ही लेकरं एकदम बोलायला लागली. सगळ्यांचं म्हणणं थोडक्यात एकच होतं. ज्या आईसाठी हे चाललंय तिला मागच्या खोलीत टाकलं, तर लोक काय म्हणतील. मन्मथ म्हणाला, उदगीरला तोंड दाखवता येणार नाही. अमृतराव म्हणाले, मठातले जंगम स्वामी येतील भेटायला, त्यांना काय सांगू? आईला गल्लीकडं ठेवलंय आणि आम्ही समुद्र बघायलोय?

"लोकांना एक महिना यंत्रावर ठेवा," अव्वा म्हणाल्या. "मग विचारा, समोर समुद्र पायजे का म्हणून."

नीला पहिल्यांदाच खुर्ची, कपाट आणि हॉलभर पसरलेल्या झाकणांकडे एकत्र पाहत होती. तिनं अव्वांच्या वयाचा, गुडघ्यांचा, उजेडाचा अभ्यास केला होता. पलंगाची उंची किती असावी, दाराच्या उंबऱ्यापाशी काय सोय असावी, हे सगळं पुस्तकाप्रमाणे होतं. पाणी दिसलं की तहान लागते, हे पुस्तकात नव्हतं.

"म्हणून तू कपाटाकडं तोंड करून बसायलीस?" पार्वतम्मानं विचारलं.

"कपाटाला पाझर फुटत न्हाई."

आपल्याला हे कधीपासून ठाऊक होतं, याचा रत्नम्मा विचार करत होती. झाकणं तीच लावत होती. खुर्ची तिनंच फिरवली होती. अव्वांनी उजेडाचं कारण सांगितलं आणि तिनं ते खरं मानलं, कारण तहानेचं कारण मानलं असतं तर बाटली हातात धरवली नसती.

अव्वांनी नकाशावर पुन्हा बोट ठेवलं, दारामागच्या अरुंद चौकोनावर. लिहिलेलं त्यांना वाचता येत नव्हतं, पण मघाचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. "ही खाट काढ. मला बेल हाय. मी वाजवीन." मग बोट सरकत समुद्रासमोरच्या मोठ्या खोलीत गेलं. "हितं रत्ना राहील."

"अव्वा, ती एकटी एवढ्या खोलीत काय करणार?" अमृतरावांनी विचारलं. प्रश्नात राग नव्हता. त्यांना खरोखर कल्पना करता येत नव्हती.

"ते तिला विचार."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. रत्नम्मा रिकाम्या कपांचा ट्रे धरून उभी होती. तिला आजवर कुणी तसा प्रश्न विचारला नव्हता आणि एवढ्या लोकांसमोर तर नाहीच.

"जी मला पाणी देत न्हाई ती पाण्यासमोर बसू दे," अव्वा म्हणाल्या. "तिनं लई ऐकून घेतलंय माझं." त्यांच्याकडून यापेक्षा जास्त येणार नव्हतं, हे रत्नम्माला माहीत होतं. तिनं ते तेवढंच घेतलं.

नीलानं खोडरबर काढलं. अटेंडंट हा शब्द गेला. मागच्या खोलीत तिनं अव्वा लिहिलं. मोठ्या खोलीत आई असं लिहायला ती वाकली, मग थांबून तिनं रत्नम्मा असं लिहिलं. मोठ्या खोलीत एकच नाव होतं, त्यामुळे अप्पांना आता जागा उरली नव्हती, आणि ते आले की कुठे झोपतील याचं उत्तर नकाशात एकच होतं. तो सोफा एका हातानं उघडतो, असं पार्वतम्मानं भावाला सांगितलं. तिचा राग बराचसा गेला होता.

अमृतराव नकाशाकडे बघत राहिले. बायकोसाठी समुद्र, आईसाठी गल्ली, स्वतःसाठी सोफा. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. पण आई येते म्हणाली होती. त्यांनी श्वास सोडला. आणि मग त्यांना दिसलं, की या सगळ्यात एक अडचण आपोआप दूर झाली आहे.

"आता अव्वा त्या बाजूला नसणार," ते नीलाला म्हणाले. "मग बाल्कनीत टाकी ठेवायला काय हरकत हाय? लहान. निळी नको, पांढरी घेऊ."

नीलानं स्लॅबबद्दल पुन्हा सांगायला तोंड उघडलं.

"न्हाई," रत्नम्मा म्हणाली.

अमृतराव वळले.

"माझ्या बाल्कनीत टाकी न्हाई ठेवायची," ती म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता. पाणी आलंय का, गॅस बंद केला का, हे ज्या आवाजात ती विचारत असे, त्याच आवाजात ती बोलली.

खुर्चीत अव्वांच्या खांद्यांची किंचित हालचाल झाली. त्या हसल्या का, हे कपाटालाच दिसलं असतं.

खाली रस्त्यावर टँकरचा हॉर्न वाजला. मन्मथ आणि अमृतराव पाइप शोधायला धावले. पार्वतम्मानं साडी खोचली. रत्नम्मानं ट्रे खाली ठेवला, दोन्ही हातांत कळशा घेतल्या आणि जिन्याकडे निघाली. दारातून ती परत फिरली, बाटली आणून अव्वांच्या हातात दिली आणि त्या किती पितात ते न बघता खाली उतरली.